पांढऱ्या पुडीचे ऋण

परप्रांतात आयुष्य घालविलेल्या मराठी माणसाला सेवानिवृत्तीनंतर दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला, "मग आता पुण्याला कायमचे केव्हा येणार?" आणि दुसरा, "तिकडे तुमचा वेळ जातो तरी कसा?" पहिल्या प्रश्नाला आम्ही गेली वीस वर्षे नुसते हसतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र आमच्यापाशी तयार आहे. आम्ही पाखरे पाहतो. म्हैसुरात राहणाऱ्या रिकामटेकड्या माणसाला याहून स्वस्त आणि याहून निरुपद्रवी व्यसन लाभणे कठीण.

ज्या श्रीरंगपट्टणापुढे १७९२ साली हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांचे तळ पडले होते, त्या श्रीरंगपट्टणाच्या जवळच कावेरीच्या पात्रात रंगनतिट्टू नावाची लहान लहान बेटे आहेत. सतराव्या शतकात म्हैसूरच्या राजाने नदीवर बांध घातला आणि त्या अडलेल्या पाण्यात ही बेटे उभी राहिली. १९४० साली सलीम अली यांच्या सांगण्यावरून तेव्हाच्या म्हैसूर संस्थानाने ती पाखरांसाठी राखून ठेवली, आणि २०२२ साली जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्यांचे नाव गेले. आमच्या घरापासून अर्ध्या तासाची वाट. तिकीट काढावे, होडीत बसावे, खडकांवर ऊन खात पडलेल्या मगरींना वळसा घालीत बेटांच्या जवळून जावे आणि झाडांवर दाटीने बसलेले चित्रबलाक, शराटी आणि पेलिकन पाहावेत. या पेलिकनला आपल्याकडे कोणी झोळीवाला म्हणतात, इकडे कानडीत हेज्जार्ले म्हणतात.

मागल्या फेब्रुवारीत आमचा दहा वर्षांचा नातू सोबत होता. होडी एका झाडाशी थांबली. वर काटक्यांच्या घरट्यावर एक पेलिकन पोटाखाली पाय घेऊन निश्चल बसला होता.

"आजोबा, त्याच्या खाली अंडं आहे की पिल्लू?" नातवाने विचारले.

"असेल काहीतरी," आम्ही म्हणालो. आजोबांची उत्तरे बहुधा अशीच असतात.

नावाड्याने वल्हे आडवे धरले आणि कानडीत सांगितले, "पक्षी बसला आहे एवढेच आपल्याला दिसते, स्वामी. खाली काय आहे, ते तो उठल्यावर कळते."

नावाडी सहज बोलून गेला. पण ते वाक्य आमच्या मनात रुतून बसले. कारण चौतीस वर्षे सरकारी नोकरीत आम्ही नेमके उलट करीत आलो होतो. बसलेला पक्षी पाहावा, अहवालात एक घरटे मांडावे आणि खाली सही करावी.

ही गोष्ट नीट सांगावयाची तर आम्हांला पाऊणशे वर्षे मागे जावे लागेल. आमचे वडील मुंबई प्रांताच्या नोकरीत होते आणि त्यांची बदली कानडा जिल्ह्यात हल्याळच्या बाजूला झाली होती. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत तो जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पण तोवर कित्येक मराठी कारकून, मामलेदार आणि जंगलखात्याचे अंमलदार तेथे संसार थाटून राहिले होते. तिकडची बदली म्हणजे हिवतापाची बदली, असे आमच्या घरात म्हणत. पावसाळा ओसरला की घरोघर हुडहुडी भरे. क्विनीनच्या कडू गोळ्या, पिवळी पडलेली तोंडे, पानथरी वाढून पुढे आलेली मुलांची पोटे, हे सारे तेथे इतके नित्याचे होते की त्याची कोणी तक्रारही करीत नसे. आमच्या आधीचा एक भाऊ चौथ्या वर्षी त्याच तापाने गेला. आम्ही त्याला पाहिले नाही. आईच्या पेटीत त्याचे एक कुंचडे होते, तेवढीच त्याची आमची ओळख.

आणि मग पांढरी पूड आली. स्वित्झर्लंडमधल्या पाउल म्युलर या रसायनशास्त्रज्ञाने डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९ साली ओळखला होता; १९४८ साली त्याबद्दल त्याला वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. महायुद्ध संपताच, १९४६ च्या सुमारास, डॉ. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली मुंबई प्रांताच्या मलेरिया खात्याने धारवाड आणि कानडा या दोन जिल्ह्यांतील खेड्यांत घरोघर भिंतींवर ती फवारली. ग्रामीण हिवतापाशी डीडीटीने लढण्याचे आपल्या देशातील ते अगदी आरंभीचे प्रयोग. १९५३ साली सारा देशच या मोहिमेत उतरला.

आम्हांला आठवते ते त्या नंतरच्या वर्षांतले. फवारणीचा दिवस म्हणजे मुलांना सुटीचाच दिवस. भांडीकुंडी, अंथरुणे, देवसुद्धा अंगणात यायचे. खांद्याला पंप अडकवलेली माणसे घरात शिरायची आणि बाहेर यायची तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. दरवाजाच्या चौकटीवर तारीख घातली जाई. पुढे कित्येक महिने भिंतीला हात लागला तर बोटांना पीठ लागे आणि त्याचा एक गोडसर वास घरात भरून राही. एका वर्षी आईने त्या पितळी पंपाला हळदकुंकू वाहिले. फवारणारा मुसलमान गृहस्थ संकोचून बाजूला झाला, तेव्हा ती म्हणाली, "दादा, गांधीबाबांनी स्वराज्य दिलं ते मोठंच, पण माझी बाकीची मुलं या पुडीनं दिली."

यात आईची भाबडी श्रद्धा होती, असे कोणी म्हणू नये. स्वातंत्र्याच्या वेळी या देशात दरसाल सुमारे साडेसात कोटी माणसांना हिवताप होत असे आणि त्यांतली आठ लाख दगावत. १९६५ सालापर्यंत रुग्णांची संख्या एका लाखावर आली. मनुष्यजातीच्या इतिहासात इतक्या थोड्या काळात इतकी जीवदाने देणारी द्रव्ये बोटांवर मोजण्याइतकीच. ज्या हातांनी आज आम्ही हे लिहीत आहो, ते हातही कदाचित त्या पुडीनेच राखले असतील. म्हणून या द्रव्याविषयी बोलताना आमचा आवाज आपोआप खाली येतो. ज्याचे ऋण आहे त्याच्याविरुद्ध साक्ष देणे सोपे नसते.

साक्ष मात्र द्यावी लागते. कारण पुढे आम्हीही नोकरीत शिरलो आणि काही वर्षे आमच्या टेबलावरून शेतीच्या कीटकनाशकांची मागणीपत्रके जाऊ लागली. कोणते कार्यालय, कोणता जिल्हा, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्या काळी अशी कार्यालये सगळीकडे सारखीच होती. हरितक्रांतीचे दिवस होते. डीडीटी, बीएचसी, एन्डोसल्फान यांची पोती आणि डबे येत आणि जात. आमच्या नोंदवहीत रकाने होते : किती आले, किती वाटले, किती एकरांवर फवारले, किती शिल्लक. चारही रकाने जुळले की आम्ही 'उद्दिष्ट पूर्ण' असा शेरा मारीत असू आणि त्या रात्री आम्हांला शांत झोप लागे. पाचवा रकाना असू शकतो, हे आम्हांला कधी सुचले नाही आणि वरूनही कोणी विचारले नाही. फवारलेल्या शेतावरून वाहून गेलेले पाणी कोठे गेले, त्या पाण्यातला मासा कोणी खाल्ला आणि तो खाणाऱ्याच्या घरट्यात पुढे काय झाले, असा तो रकाना.

आता निवृत्तीनंतरच्या वाचनातून त्या पाचव्या रकान्यात काय लिहावयास हवे होते, ते थोडेबहुत कळले आहे. ते आमच्याच भाषेत, म्हणजे कचेरीच्या भाषेत, सांगतो.

प्राण्याचे शरीर हे एक मोठे संस्थान समजावे. त्यात ठिकठिकाणच्या ग्रंथी म्हणजे मुख्य कचेऱ्या आणि त्यांनी रक्तात सोडलेली संप्रेरके म्हणजे त्यांची परिपत्रके. वाढ केव्हा करावी, पिसे केव्हा टाकावीत, नराने नर केव्हा व्हावे, मादीने अंडे केव्हा धरावे, हे सारे हुकूम या कागदांवर चालतात. कागद अगदी लहान असतो. रक्तात अब्जांशाच्या हिशेबाने तो मोजावा लागतो. परंतु त्यावरची मोहोर ज्या पेशीने ओळखली ती पेशी हुकूम मुकाट्याने बजावते. एक गोष्ट मात्र या व्यवस्थेत राहून गेली. मोहोर खरी की खोटी, हे पडताळण्याची सोय तीत नाही. कोटी वर्षे तशी गरजच पडली नव्हती. माणसाने गेल्या शतकात हजारो नवी द्रव्ये बनविली आणि त्यांतल्या काहींचा आकार या मोहोरेशी मिळताजुळता निघाला. काही द्रव्ये खोटा हुकूम बजावतात, काही खऱ्या हुकमाची वाट अडवून बसतात. प्राणी मरत नाही. तो दिसावयास धडधाकट असतो, वेळेवर घरटे बांधतो, वेळेवर बसतो. मस्टरवर त्याची हजेरी पूर्ण असते. काम तेवढे होत नाही.

डीडीटी शरीरात गेली की तिचे डीडीई नावाचे द्रव्य होते आणि ते चरबीत वर्षानुवर्षे मुरून राहते. शिवाय ते वरवर चढत जाते. शाळेच्या पुस्तकांत आता याचे एक उदाहरण देतात : पाण्यात डीडीटी दर अब्ज भागांत ०.००३ भाग, पाण्यातल्या सूक्ष्म जीवांत दर दशलक्ष भागांत ०.०४, लहान माशांत ०.५, मोठ्या माशांत २, आणि मासे खाणाऱ्या पाखरांत २५. म्हणजे पाण्यात जे नावालाही नव्हते ते पाखराच्या अंगात काही दशलक्षपट होऊन बसले. पिढीजात कर्ज जसे अखेरच्या वारसाच्या माथी सगळे येते, तसेच हे.

त्या अखेरच्या वारसाचे काय होते? पक्ष्याच्या अंड्याचे कवच त्याच्या शरीरातल्या एका विशिष्ट ग्रंथीत तयार होते. कोंबडीच्या अंड्याला त्यासाठी सुमारे वीस तास लागतात. त्या अवधीत रक्तातला चुना थरावर थर चढत जातो. मादीच्या हाडांत संप्रेरकांच्या हुकमाने या चुन्याचा आगाऊ साठा झालेला असतो. डीडीई या कामात नेमके शेवटच्या पायरीवर आडवे येते. चुना ग्रंथीतून कवचाकडे जाण्याची वाट ते रोखते. अंडे होते, पण कवच पातळ होते. ब्रिटनमध्ये डेरेक रॅट्क्लिफ या पक्षिशास्त्रज्ञाने १९६७ साली हे दाखवून दिले. अंडी जमविण्याचा छंद असलेल्या लोकांनी पेट्यांतून जपून ठेवलेली बहिरी ससाण्याची जुनी कवचे त्याने तोलली, आणि १९४७ च्या सुमारास ती एकाएकी जवळजवळ एक-पंचमांशाने हलकी झाली असल्याचे त्याला आढळले. साल पाहून आम्ही चमकलो. ज्या वर्षांत आमच्या घराच्या भिंती पांढऱ्या होत होत्या, त्याच वर्षांत हजारो मैलांवरच्या कड्यांवर ती कवचे पातळ होत होती. एकाच पुडीने एका घरातला पाळणा हलता ठेवला आणि दुसरीकडचा बंद पाडला.

सर्वांत दुःखद हकीकत आहे ती पेलिकनची. रंगनतिट्टूच्या झाडावर बसला होता त्याचा चुलतभाऊ शोभेल असा तपकिरी पेलिकन अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर राहतो. तेथे डीडीटीच्या एका कारखान्याचे सांडपाणी वर्षानुवर्षे समुद्रात जात होते. पेलिकनला अंडी पोटाखाली घेऊन उबविता येत नाहीत. तो आपले पडद्याचे रुंद पाय अंड्यांवर ठेवून त्यांना ऊब देतो. ॲनाकापा नावाच्या बेटावर १९७० साली ५५२ घरटी बांधली गेली. पक्षी बसले. आणि आई-बापांच्या ऊब देणाऱ्या पायांखालीच ती पातळ अंडी पिचून गेली. त्या वर्षी त्या साऱ्या घरट्यांतून एक पिलू बाहेर पडले. एक. लांबून पाहणाऱ्याला ती वसाहत भरलेलीच दिसली असती. आमच्यासारख्या एखाद्या अधिकाऱ्याने तर 'घरटी ५५२, उद्दिष्ट पूर्ण' असा शेराही मारला असता.

हे सारे दूरदेशीचे, असे वाचकांच्या मनात येईल. आमच्याही आले होते. म्हणून घराजवळ येतो. गोमंतकाच्या किनाऱ्यावर खडकांना चिकटून राहणारी एक लहान समुद्री गोगलगाय आहे. तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे, क्रोनिया कोंकणेन्सिस. जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून जो रंग देत असत, त्यात कथिलाचे एक सेंद्रिय संयुग असे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९९ साली नोंदविले की या गोगलगाईंच्या माद्यांना नराचे अवयव फुटलेले आढळतात. जगातल्या इतर बंदरांतून याच संयुगाने हाच प्रकार आधी दिसून आला होता. एक लिटर पाण्यात ग्रॅमचा अब्जावा भाग, इतक्यावरही काही जातींत हा घोटाळा होतो. खोटा शिक्का इतका बारीक असतो, आणि त्याने एका जीवाचे नर-मादीपणच बदलून जाते.

पश्चिम घाट ओलांडून पलीकडे उतरले की कासरगोड लागते. तेथल्या काजूच्या बागांवर १९७० च्या दशकापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून एन्डोसल्फान फवारले जाई. मधमाशा नाहीशा झाल्या, बेडूक आणि मासे मरू लागले, असे गावकरी प्रथम सांगू लागले. नंतर त्यांच्या घरांतली दुखणी पुढे आली. अहमदाबादच्या राष्ट्रीय संस्थेतील संशोधकांनी तेथल्या शाळकरी मुलांची तपासणी केली. त्या मुलांत वयात येण्याची चिन्हे उशिरा दिसतात, असा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधाचे उत्पादन आणि विक्री थांबविली. आमच्या जुन्या नोंदवहीतले ते नाव त्या दिवशी वर्तमानपत्रात वाचले आणि हातातला चहा निवून गेला. कासरगोडशी आमच्या कार्यालयाचा काही संबंध नव्हता. तरी आमच्या चार रकान्यांत त्या डब्यांचा आकडा आमच्याच हस्ताक्षरात होता.

आणि आता आमची कावेरी. रंगनतिट्टूच्या वरच्या अंगाला कृष्णराजसागर आहे. विश्वेश्वरय्यांच्या नावाने साऱ्या देशाला ठाऊक असलेले धरण. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक उपेंद्र नोंगथोंबा यांना या जलाशयाच्या काठी जाऊन तळलेले मासे खाण्याची आवड. खाता खाता अलीकडे काही मासे वेडेवाकडे निपजलेले दिसू लागले, म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पाणी तपासले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे आढळले की साचलेल्या आणि संथ वाहणाऱ्या पाण्यात वाढविलेल्या झेब्रामाशांच्या गर्भांत हाडांची व्यंगे, हृदयाची इजा आणि अकाली मृत्यू होतात. पाण्यातले सूक्ष्म जंतू गाळून काढले तरीही होतात. त्या पाण्यात प्लास्टिकचे सूक्ष्म कण आणि काही विषारी रसायने सापडली. हा सगळा दोष संप्रेरकांचाच, असे त्या शास्त्रज्ञांनी म्हटलेले नाही आणि आम्हीही म्हणत नाही. परंतु याच कावेरीच्या खालच्या अंगाला, तामिळनाडूत, इतर संशोधकांना बिस्फेनॉल-ए, धुण्याच्या द्रव्यांतून येणारी अल्किलफेनॉले आणि साबणातले ट्रायक्लोसान ही द्रव्ये पाण्यात मिळाली आहेत. यांतले बिस्फेनॉल-ए स्त्री-संप्रेरकासारखे वागते, हे लंडनच्या डॉड्स यांनी १९३६ सालीच ओळखले होते. तरी पुढे त्याचेच प्लास्टिक झाले, डब्यांच्या आतले अस्तर झाले आणि दुकानात मिळणाऱ्या गुळगुळीत पावतीवर ते येऊन बसले.

हे आम्ही घरी वाचून दाखविले तेव्हा आमच्या सौभाग्यवती मोरीकडे पाहत म्हणाल्या, "म्हणजे आता पोत्यांवर सही करायला तुमची कचेरी नको. ते काम आपण रोज सकाळी इथंच करतो." आम्हांला उत्तर सुचले नाही. धुण्याची पूड, वासाचा साबण, औषधाच्या उरलेल्या गोळ्या, फुटकी प्लास्टिकची बादली, यांची आवक-जावक कोणत्याच वहीत होत नाही. पण सगळे शेवटी नदीलाच पोचते.

अशा द्रव्यांनी एखादी जात कशी संपते, याची एक परीक्षा कॅनडात मुद्दाम करून पाहिली गेली. एका लहान तलावात २००१ पासून तीन उन्हाळे स्त्री-संप्रेरकासारखे एक औषधी द्रव्य इतके थोडे मिसळले की ते दर लिटरला ग्रॅमचे पाचसहा अब्जांश भरे. तेथले बारीक मासे पोहत होते, खात होते. नर माशांच्या अंगात मादीला शोभेल असे अंड्याचे प्रथिन तयार होऊ लागले; नवी पिढी येईनाशी झाली, आणि काही वर्षांत ती जात त्या तलावातून जवळजवळ नाहीशी झाली. द्रव्य घालणे थांबविल्यावर काही वर्षांनी ती पुन्हा सावरली.

हे शेवटचे वाक्य आमच्या लेखी महत्त्वाचे आहे. कारण या साऱ्या वाचनानंतर माणूस एक तर संतापतो किंवा हात टेकतो; आणि ऋणाईत माणसाला दोन्ही शोभत नाही. आई आज असती तर तिने विचारले असते, "मग काय, ती पूड नको होती असं तुला म्हणायचं आहे?" आम्ही पुष्कळ दिवस या प्रश्नाचे उत्तर मनात जुळवीत होतो. उत्तर असे आहे : भिंतीवरची पूड हवी होती, शेतावरची नको होती. पूड घराच्या आत, मोजून, डासासाठी वापरली तेव्हा तिने मुले राखली. तीच शेतांवर वारेमाप पडली तेव्हा पाखरांची कवचे तर गेलीच, पण डासही तिला निर्ढावले. १९७६ साली देशात हिवतापाचे रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले, त्याचे हेही एक कारण होते. म्हणजे आमच्या चार रकान्यांनी पेलिकनचाच नव्हे, आईच्या पुडीचाही घात केला. जे अस्त्र आणीबाणीसाठी राखून ठेवावयाचे, ते आम्ही रोजच्या वापरात बोथट केले.

पुढे जगाला हा भेद उमगला. अमेरिकेने १९७२ साली डीडीटीवर बंदी घातली. आपल्या देशात १९८९ साली शेतीतला तिचा वापर बंद झाला आणि रोगनिवारणापुरता राखला गेला. २००१ साली स्टॉकहोम येथे झालेल्या करारातही हिवतापासाठी तेवढी वाट मोकळी ठेवली गेली. जहाजांच्या त्या रंगावर २००८ सालापासून जगभर बंदी आली. आणि कॅलिफोर्नियाचे पेलिकन? त्यांची कवचे पुन्हा जाड होऊ लागली, पिले उडू लागली, आणि २००९ साली संकटग्रस्त प्राण्यांच्या अमेरिकी यादीतून त्यांचे नाव वगळण्यात आले. सरकारी यादीतून नाव कमी झाल्याचा इतका आनंद आम्हांला उभ्या नोकरीत झाला नव्हता.

परंतु हे घडले ते कोणीतरी कवच तोलले म्हणून. मेलेला पक्षी रस्त्यावर पडतो, त्याची बातमी होते. न जन्मलेल्या पिलाची बातमी होत नाही. ते दिसावे यासाठी कोणीतरी घरट्याखाली उभे राहून वर्षानुवर्षे मोजावे लागते. याचा उत्तम वस्तुपाठ आमच्या जवळच आहे. मंड्या जिल्ह्यात मद्दूर तालुक्यात शिंशा नदीजवळ कोक्करेबेळ्ळूर नावाचे खेडे आहे. तेथे पेलिकन आणि चित्रबलाक गावातल्याच चिंचांवर, घरांच्या छपरांलगत, घरटी करतात. गावकरी त्यांना बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकी मानतात आणि त्यांच्यासाठी चिंचेच्या उत्पन्नावर पाणी सोडतात. पूर्वी आम्हांला ही एक गोड समजूत वाटे. आता वाटते, माहेर म्हणजे दुसरे काय? लेक आली एवढे पाहून जेथे समाधान होत नाही, तिच्या पदरात काय आहे हे जेथे विचारले जाते, ते माहेर. सासरी फक्त हजेरी लागते.

या मासिकाच्या वाचकांपैकी कितीतरी जण आज कोठे ना कोठे दूरच्या जिल्ह्यात टेबलापाशी बसलेले असतील. त्यांच्या पुढे मागणीपत्रके येत असतील. नावे नवी असतील, रकाने बहुधा तेच असतील. त्यांना उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही, कारण आमचे स्वतःचे चौतीस वर्षांचे दप्तर बंद झाले आहे आणि त्यात दुरुस्ती करता येत नाही. एवढेच सांगावेसे वाटते, की चार रकाने भरून झाल्यावर पाचव्यासाठी कागदावर थोडी जागा सोडावी. ती कोरी राहिली तरी चालेल. कोरा रकाना निदान प्रश्न विचारीत राहतो.

त्या फेब्रुवारीच्या सकाळी आम्ही होडीत बराच वेळ थांबलो. पेलिकन उठला नाही. त्याने एकदा मान वळवून आमच्याकडे पाहिले, पिसे फुगविली आणि पुन्हा तसाच बसून राहिला. फेरीची वेळ संपली, नावाड्याने होडी वळविली. नातू मागे पाहत म्हणाला, "आजोबा, तो उठलाच नाही. आता?"

"आता पुन्हा यायचे," आम्ही म्हणालो. पुढल्या रविवारी आम्ही गेलो. त्याच्या पुढल्या रविवारीही गेलो. तिसऱ्या खेपेस तो उठला तेव्हा घरट्याच्या काठावर काळसर गुलाबी, पिसे नसलेले, काहीसे कुरूपच असे एक डोके थरथरत वर आले. नातवाने टाळ्या पिटल्या. आम्ही खिशातली डायरी काढली, तारीख घातली आणि लिहिले : 'घरटे एक. पिलू एक. प्रत्यक्ष पाहिले.' खाली सही केली. चौतीस वर्षांत इतक्या निःशंक मनाने आम्ही सही केल्याचे आम्हांला आठवत नाही.